जुनी गाडी, पहिली मोठी सर्व्हिस: वाचकांचे प्रश्न

जुन्या गाडीच्या पहिल्या मोठ्या सर्व्हिसबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: २०१६ ची डस्टर डिझेल (८५ पीएस) दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून घेतली. मीटरवर ९१,००० किमी आहेत. सर्व्हिसची बिलं ४८,००० पर्यंतचीच मिळाली. आधीचे मालक म्हणतात, "पुढचं सगळं बाहेरच्या गॅरेजात वेळेवर केलंय." आमचं पसरणी आणि आंबेनळी घाटातून नेहमी जाणं-येणं आहे. गॅरेजवाल्यांनी दोन पानी यादी दिली आहे. एवढं एकदम झेपणार नाही. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, वाई

उत्तर: बिल नसेल तर काम झालेलंच नाही असं धरून चाला. आधीचे मालक खोटं बोलतात असं नाही. पण "वेळेवर केलंय" म्हणजे कधी, कुठल्या ऑइलने, कुठला पार्ट घालून, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

यादीतल्या प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहा: हे राहिलं तर काय मोडेल? उत्तर "इंजिन" किंवा "माणूस" असेल तर ते काम या आठवड्यात. उत्तर "दुसरा एखादा पार्ट" असेल तर महिना-दोन महिन्यांत. नुसता आवाज किंवा गैरसोय होणार असेल तर ते दिवाळीनंतर केलं तरी चालेल. असं केलं की दोन पानांची यादी पाऊण पानावर येते.

तुमच्या गाडीत सगळ्यात वरचं काम टायमिंग बेल्टचं, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या दात्यांच्या पट्ट्याचं. डस्टरचं १.५ डिसीआय इंजिन बेल्टवर चालतं. बेल्ट तुटला किंवा दोन-चार दाते सरकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं, आणि तो खर्च बेल्टच्या कितीतरी पट जातो. तुटण्याआधी बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून पाहिलं तर चिरा, तेलाचे डाग, झिजलेल्या कडा दिसतात. मात्र यातलं काही दिसलं नाही म्हणून बेल्ट चांगला, असं म्हणता येत नाही. रबर किलोमीटरने झिजतं तसं वर्षांनीही म्हातारं होतं. बेल्ट बदलल्यावर चांगलं गॅरेज बोनेटखाली तारीख आणि किलोमीटरचं स्टिकर चिकटवतं. ते शोधा. स्टिकर नाही, बिलही नाही, तर बेल्ट बदलायचा. तोवर गाडी घाटात नेऊ नका.

नुसता बेल्ट मात्र बदलू नका. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर त्याच्याबरोबर बदला. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही. पंप सहा महिन्यांनी गळायला लागला तर तीच सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागेल. अल्टरनेटर आणि एसीचा बाहेरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनरही याच वेळी घाला. या इंजिनात यामागे खास कारण आहे: बाहेरचा बेल्ट फाटला की त्याचे धागे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या मागे ओढले जाऊन टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात. म्हणजे स्वस्तातला बेल्ट महागातल्या इंजिनाचा जीव घेतो. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घालायला सांगा. तो कसताना ताणला जातो, दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही.

काम चालू असताना शक्य असेल तर तिथे थांबा आणि चार गोष्टी पाहा. बेल्ट काढण्याआधी क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन्ही हलू नयेत म्हणून लॉकिंग पिना लावल्या आहेत का? खडूच्या खुणा करून बेल्ट बदलणारा मिस्त्री असेल तर गाडी तिथून काढा. क्रँकचं टोक, दात्यांची पुली आणि बोल्टची बैठक तेल-ग्रीसपासून स्वच्छ पुसली आहे का? ही पकड घर्षणावर आहे, तिथे तेल राहिलं तर पुली सरकू शकते. टेन्शनरचा काटा खुणेवर आणला आहे का? शेवटी, पिना काढून इंजिन पान्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि पिना पुन्हा अलगद बसल्या का? बसल्या नाहीत तर स्टार्टर मारायचाच नाही. क्रँक किंवा कॅमच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर सीलही आत्ताच. तेल लागलेला नवा बेल्ट जुन्यासारखाच फुगतो.

पंप काढताना कूलंट निघणारच, त्यामुळे तेही काम त्यातच होतं. साधारण पाच-सहा लिटर लागतं. रेनॉच्या गाड्यांना 'टाइप डी' कूलंट सांगितलेलं आहे, तेच आणा. भरताना ब्लीड स्क्रू उघडून हवा काढायची, आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि रेडिएटरचा फॅन एकदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. हीटरमधून थंड हवा येत राहिली तर आत हवा अडकली आहे असं समजा.

दुसरं काम इंजिन ऑइलचं. फिल्टर धरून साधारण साडेचार लिटर. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड आणि रेनॉचा मानक क्रमांक डब्यावर छापलेला असला पाहिजे, नुसतं "डिझेलसाठी उत्तम" पुरेसं नाही. ड्रेन प्लगचा वॉशर नवा. पहिल्यांदा भरलेलं ऑइल मात्र पूर्ण १०,००० किमी चालवू नका, ३,००० ते ४,००० ला काढा. आधी कुठलं ऑइल होतं आणि किती लांबवलं होतं हे माहीत नाही. नवं ऑइल आतला जुना गाळ हळूहळू सुटा करतं आणि तो फिल्टरमध्ये जमतो. या इंजिनात ऑइल बदलायला उशीर झाला की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग शेल्स आणि टर्बोचा दांडा आधी झिजतो. काढलेला फिल्टर मिस्त्रीला कापायला सांगा आणि आतला कागद उन्हात धरून पाहा. काळं तेल ठीक. पितळी किंवा चंदेरी चमक दिसली तर बाकी सगळे खर्च थांबवून ऑइल प्रेशर तपासायचं आणि सम्प (खालची ऑइलची टाकी) उतरवून शेल्स पाहायच्या. दोन मिनिटांचं काम, पण कुठल्याही सर्व्हिस पॅकेजमध्ये ते नसतं.

तिसरं ब्रेक. घाट उतरणाऱ्या गाडीत ब्रेक ऑइल हा गमतीचा विषय नाही. ते हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. पसरणी उतरताना ब्रेकचे पॅड दाबणारे कॅलिपर तापले, आत वाफ झाली, की पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत कारखान्यातलंच ब्रेक ऑइल सापडतं. एक लिटरचा बंद डबा आणा. चारही चाकांना स्वच्छ ऑइल येईपर्यंत ब्लीड करायचं, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची, आणि मधे टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत जाते. अर्धा उरलेला जुना डबा गॅरेजच्या फळीवरून घेऊ नका, त्यात ओल आधीच गेलेली असते.

चाकं काढलीच आहेत तर पुढचे पॅड पाहा. तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर बदला. डिस्कची किमान जाडी तिच्या कडेवर कोरलेली असते, तिच्याशी मोजून पाहा. मागचे ड्रम उघडा. व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओलं असेल तर सिलिंडर आणि लायनर दोन्ही घाला, तेल प्यायलेला लायनर पुसून भागत नाही. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन अडकते. मग एकच पॅड झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर हे तिघे त्याच दिवशी. डिझेल फिल्टर काढताना पाइपांची तोंडं झाकून ठेवायची, कारण धुळीचा एक कणसुद्धा इंजेक्टरला पुरतो. नंतर डिझेलच्या पाइपावरचा रबरी फुगा दाबून डिझेल भरून हवा काढायची. स्टार्टर मारत बसायचं नाही.

एवढं झालं की घाटाला हरकत नाही. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत गिअर ऑइल, अलाइनमेंट, लोअर आर्मचे बॉल जॉइंट आणि बुश, लिंक रॉड, एक्सलचे बूट (सांध्यावरची रबरी टोपणं). बूट फाटलेला आढळला तर मात्र थांबू नका. ग्रीस उडून धूळ आत गेली की पूर्ण एक्सल घालावा लागतो. ग्लो प्लग (थंडीत डिझेल इंजिन सुरू व्हायला मदत करणारे) हिवाळ्याच्या तोंडावर पाहिले तरी चालतील. एसीचा गॅस, शॉकॲब्सॉर्बरचा किरकोळ आवाज, डॅशबोर्डची खडखड हे सगळं थांबू शकतं. आणि हो, घाट चढून हॉटेलवर थांबलात की इंजिन लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट चालू ठेवा, टर्बो तेवढ्यात निवतो.

प्रश्न: आमच्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे कसं ओळखायचं? दोन मेकॅनिक दोन उत्तरं देतात.
— तीन वाचक: सोलापूर, पनवेल, बेळगाव

उत्तर: इंजिनाच्या बाजूला क्लिपांचं किंवा छोट्या बोल्टांचं प्लास्टिकचं कव्हर असेल तर आत बहुधा बेल्ट. धातूचं, सीलंट लावून घट्ट बसवलेलं कव्हर असेल तर चेन, कारण चेन ऑइलमध्ये फिरते. फोर्ड इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट याला अपवाद. त्यात बेल्ट आहे, पण तोही ऑइलमध्ये भिजलेला. त्यामुळे तिथे चुकीचं ऑइल म्हणजे थेट बेल्टला धोका.

बाजारात जास्त फिरणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी डस्टर, टेरानो, सनी आणि व्हेरिटो यांची १.५ डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडचं १.५ टीडीआय, फोर्डचं १.५ टीडीसीआय, जुन्या इनोव्हाचं २.५ डी-४डी, ह्युंदाईचं सँट्रो झिंग आणि पहिल्या आय-टेनमधलं १.१ पेट्रोल, ही सगळी बेल्टवाली. इनोव्हात बेल्टसाठी डॅशबोर्डवर वेगळा दिवा असतो. तो हाताने रीसेट करता येतो, म्हणून दिवा लागला नाही यावर विसंबू नका.

मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, होंडा सिटीचं १.५ पेट्रोल, ह्युंदाईचं १.२ कप्पा, महिंद्राचं एमहॉक, इनोव्हा क्रिस्टाचं २.४ डिझेल ही चेनवाली. स्विफ्ट-डिझायरमधलं १.३ डीडीआयएस, जे फियाटच्या पुंटोत आणि टाटाच्या व्हिस्टातही होतं, तेही चेनवर आहे. तरी "चेन आहे, बघायला नको" हे त्या इंजिनाला लागू नाही. ऑइल लांबवलं तर त्यात चेन ताणते. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांहून जास्त खळखळ ऐकू आली तर चेन, टेन्शनर आणि गाइड तपासून घ्या.

प्रश्न: निवृत्त डॉक्टरांची २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल घेतली, फक्त ३१,००० किमी चाललेली. सगळे म्हणतात लॉटरी लागली. इतक्या कमी चाललेल्या गाडीला मोठी सर्व्हिस खरंच लागते का? शिवाय ३१,००० खरे आहेत का, हे कसं पाहू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी ३१,००० बद्दल. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर देऊन सर्व्हिसच्या नोंदी विचारा. प्रत्येक नोंदीत किलोमीटर असतात आणि ते चढत्या क्रमानेच असले पाहिजेत. मग टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाचही टायर २०१३-१४ चे असतील तर मीटर बहुधा खरा. चार टायर मधल्या कुठल्या तरी वर्षाचे आणि स्टेपनी २०१४ ची असेल, तर ३१,००० किमीत टायरचा पहिला जोड का संपला, हे विचारायला हवं. क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, गिअरच्या मुठीवरची अक्षरं यांवरूनही अंदाज येतो. सीट कव्हर काढूनच पाहा.

आता सर्व्हिस. मीटर खरा असेल तर लागते, फक्त कारण वेगळं. जास्त चाललेल्या गाडीत धातू झिजतं. उभ्या राहिलेल्या गाडीत रबर आणि द्रव खराब होतात. वर्षाला सरासरी तीन हजार किमी म्हणजे बहुतेक फेऱ्या दवाखाना ते घर अशा. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, आतली वाफ ऑइलमध्येच राहते. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून पाहा. पिवळसर सायीसारखा थर असेल तर ही तीच ओल. कूलंट कमी होत नसेल तर घाबरू नका. कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावं लागेल.

ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. या १.२ पेट्रोलला तीन लिटरच्या आसपास लागतं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या वर भरू नका. फिल्टरच्या रबराला ताज्या ऑइलचं बोट लावायचं, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवायचं आणि मग पाऊण फेरा. साखळीचा पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. नंतर एकदा नाशिक-मुंबई असं तास-दोन तास सलग चालवून १,५००-२,००० किमीला ऑइल पुन्हा बदला.

कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल तिन्ही बदला. किलोमीटर मोजू नका, दहा वर्षं मोजा. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या जवळ आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. बाहेरच्या बेल्टला नखाने वाकवून चिरा पाहा. वायपरची रबरं, दारांची बीडिंग, पेट्रोलचे पाइप हे सगळं हात लावून बघा. पेट्रोलच्या पाइपांकडे जास्त लक्ष द्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१४ ची गाडी त्यासाठी बनवलेली नव्हती. पाइप कडक झाला असेल, चिरला असेल, बोनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर पाइप बदला. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून अशी गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

टायर मूळचे असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, बदला. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते आणि तुमच्या टायरवर त्याहून कितीतरी जास्त असेल. पण दहा वर्षांचं रबर एक्स्प्रेस-वेच्या उन्हात आणि वेगात फुटतं. लॉटरीतली बरीचशी रक्कम इथे जाईल.

स्पार्क प्लग चार. साधे निकेलचे प्लग ४०,००० किमीपर्यंत चालतात, पण इतकी वर्षं न उघडलेले प्लग हेडमध्ये घट्ट धरतात. इंजिन पूर्ण थंड असताना काढायचे. खाचेतली धूळ आधी हवेने उडवायची. नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवायचा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, वाकडा आटा बसला तर शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हेड उतरवायची वेळ येते.

क्लच, सस्पेन्शन, चेन यांना हात लावू नका. तक्रार नसताना उघडण्यासारखं तिथे काही नाही.

प्रश्न: २०१५ ची होंडा सिटी पेट्रोल सीव्हीटी (ऑटोमॅटिक), ७८,००० किमी. गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" असतं, हात लावू नका.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: आयुष्यभराचं म्हणजे गिअरबॉक्सच्या आयुष्यभराचं, ऑइल बदललं नाही तर ते आयुष्यच आखूड होतं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये फिरतो, आणि त्याची पकड आणि गारवा दोन्ही त्या द्रवावर आहे. या गाडीला होंडाचा एचसीएफ-२ हाच द्रव चालतो. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल घातलं तर पट्टा घसरतो. खाली प्लग काढून सगळं निघत नाही, काही टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या जोडणीत) राहतं. इतिहास माहीत नसेल तर आता एकदा काढून भरा आणि हजारेक किमी चालवून पुन्हा एकदा. यंत्राने दाब देऊन फ्लश करू देऊ नका. जितकं निघालं तितकंच मोजून भरायला सांगा, आणि पातळी पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच पाहायची. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी बारीक भुकटी असणं नेहमीचं. टोचणारे कण असतील तर गिअरबॉक्सच्या माणसाला दाखवा.

याच इंजिनाचं एक काम गॅरेजं हमखास विसरतात: टॅपेट. या १.५ आय-व्हीटेकमध्ये व्हॉल्व्हची फट स्क्रूने जुळवावी लागते. इंजिन गार असताना इनटेकला ०.१५ ते ०.१९ आणि एग्झॉस्टला ०.२६ ते ०.३० मिलिमीटर. वाढली तर टिकटिक ऐकू येते, ती निदान कळते. एग्झॉस्टची फट कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो. सीएनजी किट बसवलेलं असेल तर हे काम आधी करा.

प्रश्न: जुन्या गाडीत हिरवं कूलंट होतं, मेकॅनिकने लाल भरलं. चालेल का? आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात नुसतं पाणी बरं, असं इथे सगळे म्हणतात.
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: रंग हा कुठलाही मानक नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रंग घालते. डब्यावरचा प्रकार वाचायचा. वेगळ्या प्रकारची रसायनं एकत्र झाली तर कधी गाळ धरतो, कधी गंजरोधक निकामी होतो. आता काय मिसळलं हे कळणार नाही, म्हणून सगळं काढा, डिस्टिल्ड वॉटरने एक-दोनदा धुवा आणि पुस्तिकेतला एकच प्रकार भरा.

नुसतं पाणी उन्हाळ्यात बरं, हा समज ट्रकच्या जुन्या रेडिएटरच्या काळातला. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर यांचं मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा काही अंश वर उकळतं, म्हणजे ४५ अंशांच्या हवेत तेच हवं. बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरमध्ये बसतो. कूलंट तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे, हे डब्यावर वाचा. तयार मिश्रणात आणखी पाणी घालणं ही नेहमीची चूक. रेडिएटरचं झाकणही बदला. स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको, पण दर उन्हाळ्यात कुणाचा तरी हात भाजतो.

प्रश्न: घेतलेली गाडी पुरात बुडालेली होती, असा आता संशय येतोय. काय तपासू?
— एक वाचिका, कऱ्हाड

उत्तर: कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूणला जुलै २०२१ मध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या काळात विकल्या गेलेल्या त्या भागातल्या गाड्यांबाबत संशय घेणं रास्तच. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसते. कारण विकणारा तेवढा भाग धुवायचं विसरतो. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, दिव्यांच्या आतली ओलीची रेघ, गालिच्याखालचा कुबट वास पाहा. गिअर ऑइल थोडं काढा. दुधाळ असेल तर शंका उरत नाही. विमा कंपनीकडे मागच्या क्लेमची चौकशी करा.

नक्की झालं तर सगळे द्रव बदलणं ही फक्त सुरुवात. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं युनिट गिअरच्या खाली, अगदी जमिनीलगत असतं. ते गंजलेलं असेल तर एअरबॅग वेळेला उघडणार नाही, किंवा नको तेव्हा उघडेल. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो का, हे आज पाहा. अजिबात लागत नसेल तर बल्ब किंवा दिवा कुणी मुद्दाम काढलेला असू शकतो.

प्रश्न: सर्व्हिसच्या वेळी इंजिन फ्लश, डीकार्बनायझेशन, कोटिंग असं पॅकेज गळ्यात मारतात. घ्यावं का? आणि बाहेरच्या गॅरेजात पार्ट खरा आहे, हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: पॅकेज घेऊ नका. इतिहास माहीत नसलेल्या इंजिनात फ्लश टाकला तर गाळाचे तुकडे एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात आणि ऑइलचा दाब पडतो. तेच काम दोनदा लवकर ऑइल बदलून सावकाश आणि स्वस्तात होतं. डीकार्बनायझेशन, म्हणजे इंजिनात साचलेली काजळी काढणं, पिकअप पडलाय, धूर येतोय अशी तक्रार असेल तरच, आणि तेव्हाही आधी सेन्सर, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारा) आणि एअर फिल्टर पाहून.

पार्टसाठी एक सोपी पद्धत: पार्ट नंबर तुम्हीच आधी कंपनीच्या पार्ट काउंटरवरून घ्या आणि बिलावर तोच नंबर लिहायला सांगा. टायमिंग बेल्टसाठी गेट्स, कॉन्टिटेक, डेको, आयएनए ही नावं विश्वासाची आहेत, फक्त खोकं सीलबंद आणि तारीख ताजी पाहा. ऑइलचा डबा तुमच्यासमोर उघडावा. ड्रममधून मापाने भरलेलं ऑइल नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. जुने पार्ट परत मागा, आणि हे गाडी देतानाच सांगा. संध्याकाळी मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला" असं उत्तर येतं. बिलावर तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि ऑइलचा ग्रेड हे चारही लिहून घ्या. गाडी घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, खाली पुठ्ठा सरकवून थेंब पडलेत का पाहा आणि डिपस्टिक काढा. ड्रेन प्लग ढिला राहिलेला असेल तर तो इथेच सापडतो.